सीडी ते मोबाइल: घरी शिकणाऱ्या मुलांचं सॉफ्टवेअर

2001 साली एमकेसीएलची स्थापना झाली, पाठोपाठ एमएस-सीआयटी या तिच्या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आणि तेव्हाच्या औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात), सिडकोपासून गारखेड्यापर्यंत, मध्यमवर्गीय घरांत संगणक दिसू लागला. त्याच्याबरोबर मुलांसाठी शैक्षणिक सीडीही आल्या. त्यांची निवड इयत्तेवरून व्हायची: मूल तिसरीत, तर सीडी तिसरीची. आवाज बहुधा इंग्रजी. वयाने तिसरीतलं, वाचनात पहिलीतलं आणि तोंडी हिशेबात पाचवीतलं मूल या हिशेबात बसतच नव्हतं. त्यात मराठवाड्यातलं तासन्‌तासांचं भारनियमन.

अशा मुलांना घरी शिकवणं तेव्हा नाइलाज समजला जाई. कायद्याचा आधार हळूहळू आला. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि 2012 च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय हक्काने मिळाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही समावेश झाला. परीक्षेसाठी एनआयओएस ही मुक्त शाळा होती, दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म होता. शहरात अंबिका टाकळकर यांनी ‘आरंभ’ ही संस्था उभी केल्याने स्वमग्न मुलांच्या पालकांना हक्काची जागा मिळाली. तरी रोज सकाळी मुलासमोर नेमकं काय ठेवायचं, हा प्रश्न आईवडिलांचाच राहिला.

या सगळ्या काळात टिकून राहिलेलं एक नाव म्हणजे जीकॉम्प्री. फ्रान्सच्या ब्रुनो कुदुआँ यांनी 2000 साली सुरू केलेला हा खेळांचा संच दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आज तो फुकट मिळतो आणि एकदा संगणकावर उतरवून घेतला की खेळताना इंटरनेट लागत नाही. त्यातला अगदी पहिल्या पायरीचा खेळ पाहा. पडदा ठोकळ्यांनी झाकलेला असतो. माऊस नुसता फिरवला की ठोकळे पुसले जातात आणि खालचं चित्र उघडं पडतं. पुढच्या खेळात हेच काम क्लिक करून, त्याच्या पुढच्यात डबल क्लिक करून. ज्याची बोटं नीट वळत नाहीत असं मूल महिनाभर पहिल्याच खेळात रमलं तरी कुणी त्याला पुढे ढकलत नाही. त्याच संचात तराजू आहे, नकाशे आहेत, बुद्धिबळही आहे. धाकट्याचं माऊस धरणं आणि थोरलीची बुद्धिबळाची चाल एकाच संगणकावर होते. घरात दोन मुलं दोन तऱ्हांची असतील, तर ही फार मोठी सोय आहे.

मराठीचा अडसर मात्र बराच काळ राहिला. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी त्याचा मराठीशी संबंध नसतो. मायकेल करन आणि जेम्स टे या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 पासून घडवलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर युनिकोडमधलं मराठी वाचून दाखवतो. जुन्या फाँटातल्या नोट्स उघडल्या की तो अगम्य काहीतरी बोलतो. न दिसणाऱ्या मुलासाठी चांगलं पुस्तक आणि निरुपयोगी पुस्तक यांतला फरक एवढ्यावर ठरतो.

ऑगस्ट 2017 मध्ये गूगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. ज्याचं डोकं पळतं पण हात अडतो, अशा मुलाला निबंध सांगता येऊ लागला. मे 2020 मध्ये गूगलचं रीड अलाँग हे वाचनाचं अ‍ॅप मराठीत आलं: मूल मोठ्याने वाचतं, पडद्यावरची दिया ऐकते, अडलेला शब्द उच्चारून दाखवते. ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने जेलो हे मोफत अ‍ॅप तयार केलं. त्यात खाणं, माणसं, जागा यांची चित्रं आहेत आणि कडेला आवडतं-नावडतं, हो-नाही, जास्त-कमी अशी बटणं. वरणभाताच्या चित्रावर बोट ठेवून मग ‘नको’ म्हणता येणं, हाही अभ्यासच आहे.

प्रखर बुद्धीच्या मुलांची गरज वेगळी. मुंबईच्या मालविका जोशीने सातवीत शाळा सोडली, आई सुप्रिया यांनी तिला घरी शिकवलं. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना 2016 मध्ये एमआयटीने तिला प्रवेश दिला, तो प्रोग्रामिंग ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांच्या बळावर. अशा मुलाला सजवलेल्या धड्यांपेक्षा मोकळी साधनं हवीत, आणि प्रोग्रामिंगची साधनं मोफत मिळतात.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि घरोघरी शाळा भरली. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सुरू झाली. मोबाइल नसलेल्या घरांना तिने सांभाळून घेतलं. त्याच वर्षी बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीने मुलांना कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनिअर 30 कोटी डॉलरला विकत घेतली, आणि तिच्या काही जाहिराती जाहिरात मानक परिषदेने मागे घ्यायला लावल्या. 2024 मध्ये खुद्द बायजूज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 31 डिसेंबर 2020 ला अ‍ॅडोबीने फ्लॅश बंद केलं, तेव्हा त्यावर चालणारे असंख्य शैक्षणिक खेळही बंद पडले. पैसे मोजून वर्षभराचं काही घेण्याआधी ते वर्षभर तरी राहील का, हे विचारायला पालकांना या काळाने शिकवलं.

कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी मुलाला ते स्वतः हाताळू द्यावं. आवाज बंद करता येतो का, वेळेची मर्यादा काढता येते का, एकाच मुलाला गणितात वरची आणि वाचनात खालची पायरी देता येते का, हे तेवढ्यात कळतं.

छत्रपती संभाजीनगरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, एमजीएमचं जेएनईसी आहे. दरवर्षी तिथली मुलं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधत असतात. जीकॉम्प्रीचं भाषांतर कुणालाही सुधारता येतं, त्याला मराठी आवाज कुणालाही देता येतो. यंदा दोन-चार गटांनी तरी हे काम हाती घ्यावं, आणि तपासायला शहरातल्या विशेष शिक्षकांना बोलवावं.