दाब निघाला, तरी कळ का राहते?

ओझी वाहणारे बंधू-भगिनी मानेतून हातात किंवा कमरेतून पायात उतरणारी कळ आम्हाला नेहमी सांगतात. मणक्यातली गादी सरकली की ती नसेचे मूळ दाबते. महिनाभर आराम झाला तरी कळ राहिली, तर घरचेच म्हणतात, "आता नाटक कशाला?"

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेथ विंकेलस्टीन यांच्या प्रयोगशाळेने बेशुद्ध केलेल्या उंदरांच्या मानेतील नसेचे मूळ चिमट्याने दाबले. 3 मिनिटांच्या दाबाने दुखणे टिकले नाही. 15 मिनिटे दाबल्यावर मात्र चिमटा काढूनही कित्येक दिवस पंजाला बारीक तंतूचा स्पर्श सोसेना. दाब लांबला की नसेलाच इजा होते.

माणूस उंदीर नव्हे. ही मिनिटे आपल्याला तशीच लागू होत नाहीत. पण दाब निघाल्यावरचे दुखणेही खरे असते, हे त्या मुक्या जिवांनी दाखवले. म्हणून कळ सोसणाऱ्याला खोटे ठरवू नका. हातापायातली ताकद जाऊ लागली, मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर मालिश नको, उतारा नको. त्याच दिवशी मोठे सरकारी रुग्णालय गाठा. जयभीम!