आधी कार्ब की आधी टर्बो?

कार्बोरेटर हा तसा साधा जीव. इंजिनाने हवा ओढली की ती त्याच्या चिंचोळ्या गळ्यातून सुसाट जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल आपसूक फवारलं जातं. ना वायर, ना सेन्सर. टर्बोचा खाक्या उलटा. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर चक्र फिरवायचं आणि त्या जोरावर इंजिनात हवा कोंबायची. एकाचं पोट ओढीवर, दुसऱ्याचं रेट्यावर. दोघांना एकाच बोनेटखाली नांदवायचं, तर पहिला वाद रांगेचाच : पुढे कोण उभं राहणार?

अमेरिकेत 1962 साली जनरल मोटर्सने निकाल दिला : आधी कार्ब, मग टर्बो. काही आठवड्यांच्या अंतराने त्यांच्या दोन गाड्या आल्या, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्वेअर मोन्झा स्पायडर. जेटफायरचं व्ही-8 इंजिन 215 घन इंचांचं आणि ताकद 215 हॉर्सपॉवर. म्हणजे घन इंचामागे एक घोडा! पण कॉम्प्रेशन 10.25 ला 1, वरून टर्बोचा दाब. मिश्रण अवेळी पेटून ठोके बसणार, म्हणजे नॉकिंग होणारच. त्यावर उतारा म्हणून इंजिनाला चक्क औषध पाजायचं ठरलं. नाव ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’, आत मिथेनॉल आणि डिस्टिल्ड वॉटर. बाटली संपली की गाडी स्वतःच टर्बोचा दाब उतरवून मवाळ व्हायची. आता पेट्रोल भरायला विसरत नाही माणूस, पण टॉनिक? मालक विसरले आणि ‘गाडी ओढत नाही’ म्हणून तक्रारी करू लागले. शेवटी कंपनीनेच टर्बो काढून त्याजागी नेहमीचा कार्बोरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली.

कॉर्वेअरची गंमत वेगळी. टर्बोचा दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून एरवी वेस्टगेट नावाची झडप असते. इथे ती नव्हतीच. कार्बचा लहान गळा आणि सायलेन्सरचा अडथळा, एवढ्यावरच लगाम!

कार्ब पुढे ठेवण्यात एक फायदा फुकटचा मिळतो. वाटेत पेट्रोलची वाफ होताना हवा गार होते, माठातल्या पाण्यासारखी. पण मध्ये इंटरकूलर, म्हणजे दाबाने तापलेली हवा गार करणारी जाळी, बसवायची सोय राहत नाही. गार झालेल्या मिश्रणातलं पेट्रोल तिथे थेंबाथेंबाने साठणार, आणि एक बॅकफायर झालं की त्या इंटरकूलरचा सुतळी बॉम्ब. शिवाय चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की कार्बचं झाकण मिटतं, पलीकडे टर्बोत पोकळी तयार होते आणि ती बेअरिंगचं तेल खेचून घेते. मग मागून निळा धूर. त्यासाठी टर्बोला वेगळं, कार्बनचं सील लागतं.

म्हणून पुढे अनेकांनी रांग उलटवली. आधी टर्बो, मग कार्ब. आता खरी मजा. दाबाची हवा कार्बच्या गळ्यात घुसली आणि पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीवर बाहेरचीच हवा राहिली, तर पेट्रोल वर येण्याऐवजी मागे ढकललं जाईल. म्हणून वाटीलाही तोच दाब द्यायचा. पंपाने त्याहून जास्त दाबाने पेट्रोल पाठवायचं. पितळी पोकळ फ्लोट दाबाने चेपला जाऊ शकतो, तिथे भरीव फोमचा घालायचा. थ्रॉटलच्या दांड्याच्या फटीतून पेट्रोल बाहेर फवारू नये म्हणून तिथेही सील. एवढं सगळं करून लोटसने एस्प्री टर्बोच्या 2.2 लिटर इंजिनातून दोन डेलॉर्टो कार्बवर 210 हॉर्सपॉवर काढले. 1981 च्या जेम्स बाँडपटात ही गाडी आहे. गुंडाने काच फोडताच तिचा स्फोट होतो, पण तो दोष कार्बचा नव्हे!

मासेरातीने त्याच वर्षी बायटर्बोमध्ये सगळ्यावर एकच तोडगा काढला : अख्खा वेबर कार्बोरेटरच दाबाच्या डब्यात बंद. आतबाहेर दाब सारखा, मग चेपेल काय आणि गळेल काय? गाडीला टर्बो दोन, इंजिन मात्र 2 लिटरचंच, कारण इटलीत त्याहून मोठ्या इंजिनावर कर जबर होता. डब्यातल्या कार्बला उकाडा सोसेना, गरम गाडी पुन्हा चालू होताना रुसायची. काही वर्षांनी इंजेक्शन आलंच.

उकाड्याचं हे दुखणं आपल्याला नवं नाही. उन्हाळ्यात घाट चढताना बंद पडलेली गाडी, उघडं बोनेट आणि मेकॅनिकच्या भाषेतल्या ‘एसी पंपा’वर, म्हणजे पेट्रोलच्या पंपावर, टाकलेलं ओलं फडकं, हे चित्र पूर्वी नेहमीचं. रेनॉने 1985 च्या 5 जीटी टर्बोत या फडक्याचंच काम एका छोट्या विजेच्या पंख्याकडे सोपवलं. 1397 सीसी, 1962 पासून चालत आलेल्या घराण्यातलं इंजिन, एक सोलेक्स कार्ब आणि 115 हॉर्सपॉवर. गाडी थांबवली, किल्ली काढली, दार लावलं, तरी बोनेटखाली पंखा घोंगावतच राहायचा, कार्बला वारा घालत.