वाघोली : माणूस आणि डंपर यांच्यातलं अंतर

गेल्या तीस वर्षांत पुणे ज्या खडीवर उभं राहिलं, तिचा मोठा वाटा वाघोलीच्या खाणींतून निघाला. पिलाजी जाधवरावांचं गाव आणि वाघेश्वराचं देऊळ ही वाघोलीची जुनी ओळख. नव्वदच्या दशकात तिच्यावर क्रशरची पांढरी धूळ बसली. डोंगर फोडायचा, दगड क्रशरला घालायचा, खडी डंपरमध्ये भरून शहराकडे पाठवायची, या कामासाठी वडार कुटुंबं आली, मराठवाड्यातून आली, परराज्यांतूनही आली. त्यांची पालं खाणीच्या काठावरच पडली, कारण काम तिथंच होतं आणि दुसरी जागा कुणी दिली नव्हती.

खाणीतल्या मुलाला इजा कशी होते, हे आधी नीट पाहायला हवं. आईबाप दोघंही कामावर. सहा-सात वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर त्याच आवारात फिरते. मागं येणाऱ्या डंपरच्या चालकाला चाकाशी बसलेलं मूल आरशात दिसत नाही. सुरुंग उडाला की कपची कुठवर जाईल याचा नेम नसतो. दगड संपलेली खाण तशीच सोडली की पावसाळ्यात तिचं तळं होतं, आणि त्या तळ्याला काठ म्हणून सरळ तुटलेला कडा असतो. पाय टेकायला उतार नसल्याने पडलेल्याला पोहता येत असलं तरी वर येता येत नाही. या सगळ्यात मुलाचा दोष काय? ते चुकीच्या जागी होतं, एवढाच. आणि ती जागा त्यानं निवडलेली नव्हती.

१९९७ मध्ये ॲड. बस्तू रेगे आणि पल्लवी रेगे यांच्या ‘संतुलन’ संस्थेनं इथल्या खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाण शाळा सुरू केली. शाळा मुलांकडे गेली, म्हणजे खाणीवरच भरू लागली. शिक्षणाचा हक्क या अंगाने या कामाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण मला त्याची दुसरी बाजू तितकीच मोलाची वाटते. सकाळी शाळेत बसलेलं मूल त्या वेळी डंपरच्या मागं नसतं आणि पाण्याच्या काठावरही नसतं. त्याला सांभाळणारी बहीणही नसते, कारण तीही पाटी घेऊन शेजारीच बसलेली असते. पुणे परिसरात इजा टाळण्याचं सर्वांत मूलभूत काम मोजायचं झालं तर मी पाषाण शाळेचं नाव वरच्या ओळीत घालीन, जरी तिच्या पाटीवर सुरक्षेचा एक शब्द नसला तरी.

मुलाला धोक्याच्या जागेपासून दूर ठेवण्याच्या या विचाराची शास्त्रीय मांडणी करणारे विल्यम हॅडन नावाचे डॉक्टर अमेरिकेत होते. तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेचे ते पहिले प्रमुख. १९७० च्या सुमारास त्यांनी इजेची मांडणीच बदलली. साथीच्या रोगात जसा जंतू, तशी इजेत ऊर्जा असते, असं त्यांचं म्हणणं. धावत्या वाहनाची, कोसळणाऱ्या भिंतीची किंवा आगीची ऊर्जा शरीर सोसू शकेल त्याहून जास्त प्रमाणात शरीरावर येते तेव्हा इजा होते. ती रोखण्याचे त्यांनी दहा उपाय सांगितले. त्यांतला एक अगदी साधा आहे. ऊर्जा आणि माणूस यांना जागेने किंवा वेळेने वेगळं करा. माणसाला शहाणं करण्याची अट त्यात नाही. मूल दोन वर्षांचं असो की मजूर दमून झोपलेला असो, उपाय लागू पडतो. वाघोलीचा मागोवा घेताना हे एक वाक्य हाताशी ठेवलं तर कुठं काम झालं आणि कुठं राहून गेलं, ते लख्ख दिसतं.

खाणींच्या पाठोपाठ इमारती आल्या. खराडीत आयटी पार्क उभे राहिले आणि परवडणारं घर शोधणारा मध्यमवर्ग नगर रस्त्याने पुढं सरकत वाघोलीला येऊन थांबला. बांधकामांवर मुलांचा प्रश्न खाणीतलाच होता, फक्त खड्ड्याऐवजी तिथं लिफ्टसाठी सोडलेली मोकळी पोकळी, उघडी पाण्याची टाकी आणि सळ्या होत्या. अशा मुलांना साइटवरच सांभाळण्याची पुण्यातली परंपरा मोठी आहे. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी सुरू केलेल्या मोबाइल क्रेशेसचा वारसा पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ चालवते. रजनी परांजपे यांची ‘डोअर स्टेप स्कूल’ साइटवरच वर्ग घेते आणि मुलांना बसने शाळेपर्यंत पोहोचवते. या कामातली रचना पाहण्यासारखी आहे. बिल्डर खोली, वीज, पाणी आणि खर्चाचा वाटा देतो, संस्था ताया आणि शिक्षिका देते, अंगणवाडी आणि सरकारी दवाखाना लसीकरणाला हातभार लावतो. साइट संपली की पाळणाघर पुढच्या साइटवर जातं. मजुराच्या पावलानं चालणारी सुरक्षा, असं मी याला म्हणतो.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोलीची सोय सांगितली होती. पण बायका आणि मुलं कंत्राटदाराच्या हजेरीपटावर जोडप्याचं काम म्हणून नवऱ्याच्या नावात विरघळली की पन्नास हा आकडा भरतोच कशाला! त्यामुळे जिथं पाळणाघर झालं तिथं ते बहुतेक वेळा कायद्याच्या धाकानं झालं नाही, कुणीतरी जाऊन बिल्डरला पटवलं म्हणून झालं.

पाळणाघरानं जीव वाचतात हे बांगलादेशानं आकड्यांत दाखवलं. तिथं गावोगावी तळी, आणि लहान मुलांच्या मृत्यूत बुडण्याचा वाटा फार मोठा. मुलं बुडतात ती मुख्यतः सकाळी, आई घरकामात गुंतलेली असताना. म्हणून तिथल्या इजा प्रतिबंध संशोधन केंद्रानं ‘आँचल’ नावाची गावपातळीवरची बालकेंद्रं सुरू केली. सकाळी नऊ ते एक, गावातलीच एक बाई, पाच वर्षांखालची मुलं. तिथं येणाऱ्या मुलांचा बुडण्याचा धोका ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं. खाणीचं तळं आणि बांगलादेशातलं गावतळं यांत मुलाच्या दृष्टीने फरक नाही.

  

आता रस्त्याकडे येऊ. नगर रस्ता हा वाघोलीचा मुख्य बाजार, आवारातली वाट आणि राज्यातला गजबजलेला मालवाहतुकीचा मार्ग, तिन्ही एकाच वेळी आहे. केसनंद फाटा, बकोरी फाटा, आव्हाळवाडी फाटा, प्रत्येक ठिकाणी पायी माणूस मधूनच रस्ता ओलांडतो. दरम्यान रस्तासुरक्षेत काही गोष्टी चांगल्या झाल्या. २०१४ मध्ये राज्यात १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस आणि रुग्णालयाच्या त्रासापासून संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम म्हणून आलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांनी २०१६ पासून एकत्र काम केलं. कडेला उभे ट्रक, कठड्याविना उघडे पुलाचे खांब, उशिरा पोहोचणारी रुग्णवाहिका अशी एकेक कारणं हुडकून ती दूर केली. २०१६ मध्ये तिथं १५१ माणसं गेली होती. पुढच्या काही वर्षांत हा आकडा निम्म्याच्या आसपास आला. वाघोलीतल्या सोसायट्यांचे रहिवासीही खड्डे, दिवे, सिग्नल आणि दुभाजकांसाठी वर्षानुवर्षं चिकाटीनं पाठपुरावा करत आले. त्यांच्या पाठपुराव्याबद्दल मला आदर आहे. पण द्रुतगती मार्गावर पायी माणूस नसतो आणि सोसायटीच्या तक्रारीत रस्त्याकडेला झोपणारा माणूस नसतो. या दोन्ही कामांच्या मधल्या जागेत मजूर राहून गेला.

तो कुठं झोपतो, याचा इशारा शहराला आधीच मिळाला होता. २९ जून २०१९ च्या मध्यरात्री कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधराजण गेले. तीन दिवसांत आंबेगावात तसंच घडलं, सहा गेले. दोन्हीकडे माणसं झोपलेली होती. नंतर भिंतींची तपासणी झाली, मजुरांच्या निवाऱ्याची तेवढ्या गांभीर्यानं झाली नाही.

२२ डिसेंबर २०२४, रविवार. कामाच्या शोधात अमरावतीहून काही कुटुंबं त्या रात्री वाघोलीत आली आणि केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपली. मध्यरात्र उलटल्यावर दारू प्यालेल्या चालकाचा डंपर त्यांच्यावर चढला. दोन चिमुकली मुलं आणि एक तरुण गेला, सहाजण जखमी झाले. चालकाला अटक झाली, गुन्हा नोंदला गेला. तो दोषी होताच. पण तेवढ्यावर थांबलो तर पुढच्या रात्री त्याच पदपथावर आणखी कुणी झोपलेलं असेल.

या कुटुंबांना कायद्यांनी कुठं कुठं सोडून दिलं, ते पाहा. मजुरांना मोफत तात्पुरता निवारा द्यावा असं १९९६ च्या कायद्यात कलम होतं, पण ते मालकावर बंधन घालत होतं, आणि मजूर अड्ड्यावर, म्हणजे रोजाचं काम मिळण्याच्या नाक्यावर, उद्या सकाळी उभं राहणाऱ्याला आज रात्री मालकच नसतो. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता, पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्यांचा. अमरावती महाराष्ट्रातच. शहरी बेघरांसाठी लाख लोकसंख्येमागं शंभरजणांच्या निवाऱ्याचा निकष २०१३ च्या राष्ट्रीय योजनेत होता, पण जून २०२१ अखेर पुणे महापालिकेत येईपर्यंत वाघोली ग्रामपंचायत होती, म्हणजे हिशेबात शहरच नव्हती. महापालिकेत आल्यावर घरपट्टी, पाणी आणि रस्ते यांवर बोलणं झालं. अड्ड्याशेजारी रात्रीचा निवारा, हा विषय ऐरणीवर यायला तीन मृत्यू लागले.

आणखी एक बाब मला फार अस्वस्थ करते. दिवसा गर्दी असते म्हणून अवजड वाहनांना शहरात वेळेचं बंधन घातलं जातं. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आणि दुचाकीवाल्यांसाठी ते आवश्यकच आहे. पण दिवसा थांबवलेले डंपर आणि मिक्सर रात्री धावतात, रिकाम्या रस्त्यावर वेगात, आणि चालक दुसरी पाळी करून थकलेला असतो. नेमक्या त्याच वेळी मजूर रस्त्याकडेला आडवा झालेला असतो. हॅडननी सांगितलेला वेळेचा उपाय आपण इतरांसाठी वापरला, आणि त्याचं ओझं मजुराच्या झोपेवर टाकलं. वेळ बदलायची तर जागाही द्यायला हवी होती.

पुढची दहा वर्षं नगर रस्त्यावर कामांचीच आहेत. २५ जून २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मेट्रोला मंजुरी दिली. उन्नत मार्गाचीही तयारी चालू आहे. म्हणजे मजूर येणार, कुटुंबासह येणार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत पाळणाघरासाठी पन्नास बायकांची अट गेली, पन्नासहून जास्त कामगार असले की पुरे. हजेरीपटावरच्या नावांचा खेळ त्यामुळे निदान कमी होईल. उरलेलं काम निविदेच्या कागदावर करता येण्यासारखं आहे. लेबर कॅम्प रस्त्यापासून किती आत हवा, पाळणाघराचा खर्च कोणत्या बाबीखाली धरायचा, सामान वाहून आणणाऱ्या डंपरच्या चालकाची पाळी किती तासांची, हे करारात लिहिलं तर ठेकेदार ते किमतीत धरतो. आणि ज्यांचा कुणी ठेकेदार नाही, त्यांच्यासाठी महापालिकेनं केसनंद फाट्याच्या चालत जाण्याच्या अंतरात कुटुंबांसह राहता येईल असा निवारा उभा करावा. रात्री बाराला अमरावतीची एसटी उतरली तरी त्याचं दार उघडं असलं पाहिजे.