वास जुना, आठवण ताजी

घरातील साठी उलटलेल्या कोणालाही एक प्रश्न विचारून पाहा : "तुम्ही शाळा-कॉलेजात असताना कोणते अत्तर किंवा कोणता सेंट लावत होता?" उत्तर बहुधा नुसत्या नावावर थांबणार नाही. खस, हिना, मोगरा किंवा एखादा विलायती सेंट असे काहीतरी निघेल आणि त्यापाठोपाठ स्नेहसंमेलन, मैत्रिणीचे लग्न, कानात खोचलेला अत्तराचा फाया असे कितीतरी निघेल. तोच वास पुन्हा नाकाशी आला, तर एखाद्याचे डोळेही पाणावतील. त्या वर्षीचे बीजगणित मात्र आठवणार नाही! असे का व्हावे?

उत्तर शोधण्यासाठी वासाबरोबर थोडा प्रवास करू. वास येतो म्हणजे त्या पदार्थाचे रेणू हवेत उडून आपल्या नाकात शिरतात. नाकाच्या पोकळीत, अगदी वरच्या बाजूला, घ्राणपेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशींवर रेणू पकडणारी प्रथिने असतात. त्यांना गंधग्राही म्हणतात. रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या शास्त्रज्ञांनी १९९१ साली गंधग्राहींच्या जनुकांचा शोध लावला. त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही आहेत.

मग हजारो वास कसे ओळखता येतात? बाजाच्या पेटीची कल्पना करा. पट्ट्या मोजक्याच, पण निरनिराळ्या पट्ट्या एकत्र दाबून कितीतरी स्वरमेळ काढता येतात. एक रेणू काही ठराविक गंधग्राहींना जागे करतो, दुसरा वेगळ्याच काहींना. अत्तरात तर अनेक प्रकारचे रेणू एकदम असतात. त्यांच्यामुळे उमटणारा मेळ हीच त्या अत्तराची ओळख.

आता खरी गंमत पुढे आहे. डोळे, कान, त्वचा यांचे संदेश मेंदूच्या बाह्य थराकडे जाताना आधी थॅलॅमस या केंद्रातून जातात. वासाचा संदेश मात्र या ठाण्यावर न थांबता घ्राणकंदातून मेंदूच्या आतल्या भागांकडे जातो. भावनांशी संबंधित अमिग्डाला आणि आठवणी साठवण्यास मदत करणारा हिप्पोकॅम्पस हे भाग तेथून अगदी जवळ आहेत. म्हणूनच वासाचे नाव सुचण्याआधी मन भरून येते.

पण कुमारवयातलेच अत्तर का? वृद्धांना आयुष्यातील आठवणी सांगायला लावल्या, तर १० ते ३० या वयातल्या आठवणी अधिक निघतात, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. नुसता वास हुंगायला दिला, तर आठवणी बहुधा आणखी मागे, पहिल्या दहा वर्षांत जातात. कारण स्वयंपाकघर, गोधडी, पहिला पाऊस या वासांची पहिली भेट तेव्हाच झालेली असते. वासाची ज्या गोष्टीशी पहिली जोडी जमते, तिचा ठसा मेंदूत अधिक पक्का उमटतो. आता विचार करा : स्वतः निवडून अंगाला लावलेल्या सुगंधाची पहिली भेट कोणत्या वयात होते? तुमच्याच! पुढे आवड बदलते आणि तो सुगंध मागे पडतो. नव्या आठवणी त्याला चिकटत नाहीत. त्यामुळे जुन्या आठवणी जणू बूच लावलेल्या कुपीत सुरक्षित राहतात.

याहून नवल असे, की घ्राणपेशी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. शाळेत असताना ज्या पेशींनी तो वास घेतला, त्या केव्हाच गेल्या! पण नव्या पेशींचे तंतू घ्राणकंदात आपल्या प्रकारच्या ठरलेल्या जागीच जाऊन जुळतात. म्हणून मेळ बदलत नाही.

एक सावधगिरी हवी. वासाने जागी झालेली आठवण अधिक भावपूर्ण असते, पण ती अधिक अचूक असतेच असे नाही.

आणि तो वास नेहमी मिळेलच असेही नाही. लिलियल हा फुलासारखा वास देणारा कृत्रिम पदार्थ अनेक सेंटांत असे. तो प्रजननास अपायकारक ठरल्याने युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून प्रसाधनांत त्याच्या वापरास बंदी घातली. असे घटक बदलले की बाटलीवरचे नाव तेच राहते, पण आतला वास तंतोतंत तो राहत नाही. म्हणूनच फ्रान्समधील व्हर्साय येथे १९९० साली ओस्मोथेक हा सुगंधांचा संग्रह स्थापन झाला. तेथे सुगंधी द्रव्ये १२ अंश सेल्सिअसला, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली ठेवतात. हवेतील ऑक्सिजन लागला तर सुगंध बिघडतो.

करून पाहा : टीपकागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर लिंबाची ताजी साल पिळा, दुसरीवर चंदनाच्या तेलाचा थेंब टाका. लगेच, एका तासाने आणि दुसऱ्या दिवशी हुंगून नोंद करा. लिंबातील लिमोनिनचा रेणुभार १३६, तर चंदनातील सँटॅलॉलचा २२०. कोणता वास आधी उडेल याचा अंदाज प्रयोगापूर्वीच लिहून ठेवा.

दुसरा प्रयोग घरच्या आजी-आजोबांबरोबर करा. वाढत्या वयात वास घेण्याची शक्ती मंदावते. २०२० नंतर कोविडमुळेही अनेकांची ती काही काळ गेली होती. वास हरपला की आठवणींचे एक दारही बंद होते. म्हणून हा प्रयोग लांबणीवर टाकू नका. खस, मोगरा, चंदन असे वास एकेक करून त्यांना द्या, आणि वहीपेन्सिल घेऊन शेजारी बसा.