वार्धक्यात घर सोडावे का?

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जातात. वसईतील एका घरी मी अशाच एका विधवा मातेला गेली काही वर्षे भेटतो. दुमजली घर, पुढे ओटा, मागे विहीर व वाडी; परंतु राहणारे माणूस एकच. एक मुलगा कॅनडात, दुसरा आखातात. गेल्या पावसाळ्यात त्या रात्री न्हाणीघरात घसरल्या आणि सकाळी शेजारीण येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. त्यानंतर मुलांनी फोनवर वृद्धनिवासाचा विषय काढला. "फादर, मी गेले तर गाव माझ्या पोरांना नावं ठेवील," त्या मला म्हणाल्या. त्यांना स्वतःला काय हवे आहे, हे मात्र तोवर कोणीच विचारले नव्हते, मीही नाही.

हा प्रश्न आज आपल्या अनेक कुटुंबांपुढे आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिक दहा कोटींहून अधिक होते. आयुर्मान वाढले, कुटुंबे लहान झाली, मुले नोकरीनिमित्त दूर गेली. अशा वेळी "घरी ठेवले म्हणजे प्रेम आणि आश्रमात पाठवले म्हणजे टाकले" हा सरधोपट निवाडा अपुरा ठरतो.

धर्मवचन काय सांगते?

आईवडिलांचा सन्मान करण्याची चौथी आज्ञा सर्वांना पाठ आहे. ती सन्मान मागते; एकाच छपराखाली राहण्याची अट घालीत नाही. मात्र तिच्यातून पळवाट काढणाऱ्यांना प्रभू येशूने कठोर शब्दांत खडसावले आहे (मार्क 7:9-13). क्रुसावरून त्याने आपल्या मातेला प्रिय शिष्याच्या हाती सोपवले, म्हणजे स्वतःला शक्य नसलेली काळजी नीट मार्गी लावली (योहान 19:26-27). संत पौलाच्या पत्रात वृद्धांची पहिली जबाबदारी मुलानातवंडांवर टाकली आहे आणि ज्यांना कोणीच नाही त्यांची ख्रिस्तसभेवर (1 तीमथ्य 5).

वृद्धसेवेची संस्थाही ख्रिस्तसभेला परकी नाही. 1839 साली फ्रान्समध्ये संत जान जुगां यांनी एका अंध, असहाय वृद्धेला आपल्या घरी आणून स्वतःचा बिछाना दिला. त्यातूनच 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. त्यांचा पहिला वृद्धाश्रम म्हणजे कोणाचे तरी घरच होते, हे आपण विसरू नये.

निर्णयापूर्वीचे प्रश्न

घरी राहायचे असल्यास प्रथम रात्रीचा विचार करावा. हाक मारल्यावर अर्ध्या तासात कोण येईल? न्हाणीघरात धरायला दांडे आहेत का? झोपण्याची खोली तळमजल्यावर आणता येईल का? औषधे, बँक व डॉक्टर यांची जबाबदारी नेमकी कोणावर? दिवसभरात किती माणसे बोलायला येतात? सोयी असूनही दारावर कोणी येत नसेल, तर ते घर म्हणजे एकांतवासच होय.

निवासात जायचे असल्यास तेथे स्वतः जाऊन जेवावे व तेथील वृद्धांशी बोलावे. अनामत रक्कम कोणत्या अटींवर परत मिळते, शुल्क किती वाढू शकते, अंथरुणाला खिळल्यावर किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर ठेवून घेतात की घरी पाठवतात, हे करारात वाचावे. मिस्साबली व संस्कार तेथे मिळतात का, हेही विचारावे. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, उतरंडीचे मार्ग, रुंद दारे आदींचे निकष दिले आहेत. घर विकत घेणाऱ्यांनी ते पडताळावेत. शक्य तर प्रथम महिनाभर राहून पाहावे आणि पहिले वर्षभर राहते घर विकू नये.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे वार्षिक संरक्षण आहे. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या काळजीवाहक बाईचा पगार किंवा निवासाचे शुल्क त्यातून मिळत नाही. तो हिशेब भावंडांनी एकत्र बसून, कागदावर मांडावा.

घर मुलांच्या नावे करण्याची घाई करू नये. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. म्हणून ती अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्यावी. अडचणीत सापडलेल्या ज्येष्ठांसाठी 14567 ही विनामूल्य मदतवाहिनी आहे.

निर्णय कोणाचा?

म्हातारपणी दुसराच कोणी तुला नको तेथे नेईल, अशा आशयाचे शब्द प्रभूने पेत्राला सांगितले (योहान 21:18). ते त्याच्या हौतात्म्याविषयी होते; तरीही प्रत्येक वृद्धाच्या मनातले भय त्यात आहे. माणूस घर सोडायला भितो, त्याहून अधिक तो आपल्याला न विचारता हलवले जाण्याला भितो. आम्हा धर्मगुरूंनाही पंचाहत्तरीला धर्मग्रामाचा राजीनामा सादर करण्यास सांगितले जाते. ते वय माझ्याही दृष्टिपथात आहे, म्हणून हे लिहिताना मी तटस्थ नाही.

पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन म्हणून ठरवून दिला. त्या दिवशी शुभेच्छांबरोबर हा विषयही घरात काढावा. पाय मोडल्यावर, रुग्णालयाच्या दारात, घाईने घेतलेला निर्णय सहसा वृद्धाचा नसतो.

त्या मातेने अखेर स्वतःच ठरवले. धर्मभगिनींच्या निवासात त्या महिनाभर राहून पाहणार आहेत. घराची किल्ली शेजारणीकडे राहील. "परत यायचं की नाही, ते मी तुम्हाला सांगेन," असे त्यांनी मुलांना कळवले आहे. पुढील पहिल्या शुक्रवारी मी त्यांना तेथेच ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणार आहे.