खिशातील चिठ्ठीचे मोल

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की मुंबई-पुण्याच्या तरुणाईची पावले कर्जत व खालापूर तालुक्यांकडे वळतात. सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या कर्जत-खोपोली गाड्यांतून पाठपिशव्या घेतलेले घोळके उतरतात. कोणी भिवपुरीचा धबधबा गाठतो, कोणी कोंदिवड्यामार्गे राजमाची, तर कोणी खांडसहून शिडीच्या वाटेने भीमाशंकर. शिधा, दोर, विजेरी अशी जय्यत तयारी असते. परंतु आपण कोण आणि आपल्या घरी कोणाला कळवावयाचे, हे सांगणारा कागदाचा एक कपटा मात्र खिशात अभावानेच आढळतो.

भ्रमणध्वनी असताना चिठ्ठी कशाला, असे विचारले जाते. पण तो गुप्त अंकांनी किंवा मालकाच्या बोटाच्या ठशाने उघडतो, आणि मालकच बेशुद्ध असेल तर ते यंत्र मुकेच राहते. शिवाय ते पाण्यात भिजते, त्याची बॅटरी संपते, दरीत त्याला रेंज मिळत नाही. ही अडचण ओळखून इंग्लंडमधील बॉब ब्रॉची या रुग्णवाहिका-सेवकाने २००५ साली एक साधी सूचना केली : तातडीच्या प्रसंगी ज्याला कळवावयाचे त्याचा क्रमांक ‘आयसीई’ या अक्षरांखाली नोंदवून ठेवावा. त्याच वर्षी जुलैत लंडनमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर ही कल्पना दूरवर पसरली. आजच्या अनेक यंत्रांत अशी माहिती कुलूप न उघडताही वाचता येते. मात्र ती आधी भरून ठेवावी लागते, आणि नेमका त्याचाच आळस होतो.

या आळसाची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे. चिठ्ठीचा खर्च चार-आठ आणेदेखील नाही. तिच्या अभावाचा भार मात्र दुसऱ्यांवर पडतो. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते, त्याचेच हे उदाहरण. जखमी माणसाला डोलीत घालून खाली आणणारे बहुधा पायथ्याच्या वाडीतील ठाकूर-कातकरी असतात. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे कार्यकर्ते आपला कामधंदा सोडून धावतात. त्यांचा वेळ ओळख पटविण्यात जावा, हा त्यांच्यावर अन्याय होय.

माहितीच्या अभावी शोधकार्य किती कठीण होते, हे खालापूर तालुक्याने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या रात्री वाडीत कोण होते, बाहेरगावी कोण होते, आश्रमशाळेत कोणती मुले होती, याचा मेळ घालणे हेच एक मोठे काम होऊन बसले. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ती माणसे आपापल्या घरात झोपलेली होती. त्यांना कसला दोष द्यावयाचा? हौसेने डोंगर चढणाऱ्याला मात्र ती सबब नाही.

चिठ्ठीत फार काही लागत नाही. नाव, वय, पत्ता. दोन दूरध्वनी क्रमांक, आणि तेही सहलीत सोबत नसलेल्या व्यक्तींचे. मधुमेह, दमा, अपस्मार यांसारखा विकार, चालू औषधे आणि न मानवणारे औषध. रक्तगट जरूर लिहावा. पण रक्त देण्यापूर्वी डॉक्टर तो पुन्हा तपासतातच. तेव्हा विकारांची व औषधांची नोंद अधिक मोलाची. चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून अंगावरील कपड्यातच ठेवावी, कारण पाठपिशवी दरीत जाऊ शकते. वाट कोणती आणि परतीची वेळ काय, हे घरी व पायथ्याच्या गावात सांगून ठेवावे. आपला क्रमांक परक्याच्या हाती पडेल ही भीती, विशेषतः मुलींच्या बाबतीत, अगदीच अनाठायी नाही. म्हणून स्वतःचा नव्हे, तर वडीलधाऱ्यांचा क्रमांक लिहावा.

असे काही लिहून ठेवणे म्हणजे अपशकुन, अशीही एक समजूत आहे. पण आयुर्विमा उतरविणाऱ्याला कोणी मरणाची हौस आहे असे म्हणत नाही. जत्रेत निघालेली आई लेकराच्या खिशात नाव-गावाची चिठ्ठी घालते, ती ते हरवावे म्हणून नव्हे. हरवलेच तर सापडावे म्हणून. महाविद्यालयांनी आणि गिर्यारोहण मंडळांनी सहलीचे पैसे घेतानाच ही चिठ्ठी भरून घ्यावी. डोंगरावर जाणारा एकटाच जातो. त्याची वाट पाहणारे मात्र घरभर असतात.