जीपगाडीची मशक

हैदराबादेत, बरकतपुऱ्याच्या चमनाजवळ, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी एक जुनी जीप येऊन उभी राहत असे, आणि तिचे दिवे, तिची नंबरपट्टी, किंबहुना तिचा मूळचा रंगदेखील तांबड्या चिखलाखाली असा गडप झालेला असे, की ती आमच्या भाच्याची आहे हे आम्ही केवळ तिच्या खोकण्यावरून ओळखत असू. विकाराबादेकडे, अनंतगिरीच्या पायथ्याशी, चांगला रस्ता सोडून मुद्दाम चिखलात गाडी घालण्याच्या या छंदाचे प्रयोजन आम्हांस आजवर उमगलेले नाही. परंतु तो चिखल धुण्यासाठी त्याने जी तजवीज केली, तिच्यात मात्र आमचे मन गुंतले.

चाकाच्या आतल्या अंगाला चिकटलेला गोळा वाळला की चाकाचा तोल जाऊन स्टिअरिंग थरथरू लागते, रेडिएटरच्या बारीक पात्या बुजल्या की इंजिन तापते, आणि 1955 साली पुण्यात प्रथम दृष्टीस पडलेल्या गाजरगवताचे बी अशाच चिखलाबरोबर एका शिवारातून दुसऱ्यात जाते. म्हणून चिखल शक्य तो जागच्या जागीच उतरवावा. ओढ्यात गाडी घालणे सोपे खरे. पण मुसी नदी याच अनंतगिरीत उगम पावते, आणि 1908 च्या महापुरानंतर तिच्यावर बांधून 1920 साली पुरा झालेला उस्मानसागर जलाशय या शहराला पाणी पाजण्याकरिताही आहे. तेव्हा गाडीचे वंगण तिथे धुणे म्हणजे आपल्याच हंड्यात धुणे होय. पूर्वी भिश्ती खांद्यावरच्या मशकेतून पाणी नेई, तशी गाडीने आपली मशक आपणच वाहावी, हे न्याय्य.

भाच्याने आरंभी टपावर 4 इंची पीव्हीसी नळाचा 5 फुटी तुकडा, दोन्ही तोंडे बंद करून आणि एका टोकाला तोटी बसवून, आडवा बांधला. त्यात साधारण 12 लिटर पाणी मावले, काळ्या रंगामुळे ते उन्हात कोमटही झाले. पण धार अशी पडली, की अभिषेकपात्राचीच आठवण व्हावी. एक मीटर उंचीवरचे पाणी चौरस सेंटिमीटरला जेमतेम 100 ग्रॅम दाब देते, मोटारीच्या टायरातल्या हवेचा दाब त्याच्या वीसपट. यावर मित्रमंडळींची मसलत झाली, की नळ आणखी मोठा घ्यावा! दुखणे हाल्याला आणि औषध पखालीला, ते हेच. दुसऱ्याने नळात टायरच्या पंपाने हवा भरण्याचे सुचविले, ते त्याहून घातक; कारण कोंडलेली हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते आणि पीव्हीसी तडकले तर त्याच्या कपच्या सुऱ्यांप्रमाणे उडतात.

अखेर 20 लिटरचा कॅन मागच्या सीटखाली, जमिनीलगत, पट्ट्याने आवळून ठेवला (टपावरचे 20 किलो वजन उतारावर गाडी कलंडायला हातभारच लावते), त्याला 12 व्होल्टचा, आतल्या लवचीक पडद्याच्या हालचालीने पाणी ढकलणारा पंप जोडला, पंपाच्या तोंडाशी जाळी दिली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला. 60 वॅटचा पंप 5 अँपिअर वीज घेतो. मिनिटाला 4 लिटर पाणी ओतले तरी पाच मिनिटांची धार मिळते, आणि फवाऱ्याच्या बंदुकीचा चाप सोडताच दाबाच्या स्विचने पंप आपोआप थांबतो.

हे सारे ऐकून मराठवाड्यातून आलेले आमचे एक पाहुणे शांतपणे म्हणाले, “अहो, हा तर आमचा फवारणीचा पंप!” आणि खरेच, कापसावर फवारणी करणारा शेतकरी पाठीवर जो 16 लिटरचा बॅटरीचा पंप वागवतो, त्याच्या पोटातही बहुधा हेच यंत्र असते. नवा, औषध न लागलेला घेतला म्हणजे काम झाले. आमचे मत विचाराल तर तोच घ्यावा.

भाचा आता अनंतगिरीहूनच दिवे, काचा, चाके आणि नंबरपट्टी धुऊन निघतो. दारांवरचा चिखल मात्र तो हेतुपुरस्सर राखतो, आणि चमनापाशी पोरे जमली, की “मामा, हा राहू द्या,” म्हणून आमच्या हातातली बादली काढून घेतो.